सुईखाली बोट

माझ्या आयुष्यात जे काही बरं घडलं, ते माझ्या आत्यापासून सुरू होतं. वडील फौजेत होते, आई गावाकडं शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत होती आणि आमच्या गावात शाळा सातवीला संपायची. वडिलांची ही थोरली बहीण कडेगावात एका खोलीत एकटी राहायची आणि लोकांची शिलाई करायची. तिनं मला आपल्याकडं नेलं. बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास मी तिच्या मशिनच्या आवाजात केला. पुढं सांगलीला कॉलेजात गेलो तेव्हा अंगातला शर्टसुद्धा तिनंच शिवलेला होता. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. आता साताऱ्यात पाटबंधारे खात्याच्या कचेरीत नोकरी करतो.

एवढं सगळं तिनं केलं, आणि तरी आत्या म्हटलं की मला आधी तिच्या मशिनची सुई आठवते.

आठवीची परीक्षा होऊन सुट्टी लागली होती. आत्या म्हणाली, "पुस्तकं झाली न्हवं वाचून? मग हिकडं ये. शिकून नोकरी लागली तर लागली, न्हाईतर हात रिकामा नगं."

मला वाटलं, ती एखादी चिंधी देईल आणि सरळ टीप मारायला सांगेल. तिनं उलट सुईतला धागाच काढून घेतला. कापड दाबून धरणारा लोखंडी पाय सोडवून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "डावं बोट ठेव सुईखाली."

"कुठं?"

"सुईखाली, आरं. आन् उजवा हात चाकावर. पाय खाली सोड, पायाचं काम न्हाई आत्ता. हां, फिरव सावकाश."

चाक फिरलं तशी सुई खाली आली. तिचं टोक नखाला टेकलं. थंड होतं. मी बोट झटकन मागं ओढलं, तर तिनं हातावर चापट मारली.

"का वडलंस?"

"भ्या वाटलं."

"वाटू दे की. भ्या वाटलं म्हनून कुनी मरत न्हाई. पर बोट वडायचं न्हाई. चाक उलटं फिरवायचं. सुई आत शिरली आन् तू वडलंस, तर सुई मोडती, टोक आत ऱ्हातंय. मग बस बोंबलत. ठेव परत."

मी परत ठेवलं. परत ओढलं. परत चापट. ती हसायलाही लागली. "बोट तुझं, चाक बी तुझ्याच हातात. मग भितोस कुनाला, मला व्हय?" त्या दुपारी मी घामाघूम झालो. शेवटी असं झालं की टोक टेकलं की बोट जाग्यावर राहायचं आणि उजवा हात आपोआप चाक मागं फिरवायचा. तेव्हा कुठं तिनं मला चहा दिला. तिला शिवण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या शिंप्यानं तिलाही पहिल्या दिवशी असंच बसवलं होतं म्हणे.

पुढं मी तिच्या हाताखाली शाळेच्या गणवेशाच्या कितीतरी चड्ड्या शिवल्या, काजं केली, पण सुई कधी बोटात गेली नाही. त्यामुळं तो पहिला धडा उगाच होता, असं मला वाटत राहिलं. पण तो अंगात मुरला होता. अजूनही बाजारात एखाद्या शिंप्याचं मशिन चालताना दिसलं की माझ्या डाव्या बोटाच्या टोकाला मुंग्या येतात. मी नजर वळवतो.

मागच्या वर्षी आत्याला सुईत धागा ओवता येईना. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी तिनं शिलाई बंद केली. तिला ऐकूही कमी येतं, त्यामुळं फोनवर तीच बोलते आणि आपण नुसतं ओरडून 'हो' म्हणायचं असतं. एक दिवस तिचा फोन आला.

"मशिन धाडतीय. पोरीला शिकीव."

माझी मुलगी तेव्हा चौथीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती.

"आत्या, ती लहान आहे अजून!" मी ओरडलो.

"व्हय, लहान हाय म्हनूनच. मोठी झाल्यावर कोन आयकतंय? आन् ध्यानात ठेव, आधी सुईखाली बोट. त्याबिगर तिला मशिनला हात लावू दिऊ नगंस. काय?"

"हो!"

भाजी घेऊन साताऱ्याच्या बाजारात येणाऱ्या एका पिकअपमधून मशिन आलं. आत्यानं ते तिच्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलं होतं. मुलगी त्याच्याभोवती नाचायला लागली. मी लुगडं सोडलं, सुई दिसली आणि माझं बोट मुठीत गेलं.

बरेच दिवस मी टाळलं. तेल घालायचं आहे, पट्टा बघायचा आहे, असं काहीतरी सांगत राहिलो. मुलगी रोज विचारायची. एकदा जेवताना मी बायकोला तो धडा सांगितला. ती वाईची, शिक्षकाच्या घरातली. तिनं घास खाली ठेवला.

"लेकराच्या बोटाला सुई लावायची? मुद्दाम?"

"लावायची म्हणजे टेकवायची फक्त."

"आत्यांना सांगा की शिकवलं म्हणून. त्या काय बघायला येणार आहेत?"

तसं सांगता आलं असतं. पण आत्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. आणि दुसरीही एक गोष्ट होती. धडा न देता मुलीला मशिनवर बसवायचं, या विचारानं मला जास्तच धडकी भरत होती. दोन्हीकडून भीतीच होती. त्यातली आत्यानं ओळखीची करून दिलेली भीती मी निवडली.

एका दुपारी बायको शेजारी गेलेली असताना मी मुलीला बसवलं. धागा काढला, लोखंडी पाय काढला. तिनं लगेच बोट ठेवलं. मी ज्या बोटासाठी एवढा धास्तावलो होतो, ते तिनं पाटावर लाडू ठेवावा तसं ठेवलं. मी म्हणालो, "आता चाक हळू फिरव. टोक टेकलं की थांब. बोट ओढायचं नाही, चाक उलटं फिरवायचं."

चाकाचा बारीक आवाज आला. मग थांबला.

"पप्पा, टेकलं." थोडा वेळ गेला. "पप्पा, तुम्ही डोळे का मिटलेत?"

मी डोळे उघडले. सुईचं टोक तिच्या नखावर होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. तिनं सावकाश चाक मागं फिरवलं, सुई वर गेली. "बास? एवढंच?" ती म्हणाली. मी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं, तिला कंटाळा येईपर्यंत. ती हसत होती, मला मात्र हसू येत नव्हतं. न भिणारं मूल बघून आईबापांना बरं वाटतं, असं मी लोकांकडून ऐकलं आहे. मला तसं वाटलं नाही.

मग शिकवणी सुरू झाली. आत्यानं मला शिकवलं तसंच, आधी बिनधाग्याची सुई वहीच्या कागदावर चालवायची. आखलेल्या ओळीवरून भोकं पाडत जायचं. मुलगी तो कागद खिडकीशी धरून बघायची आणि भोकांतून येणारा उजेड मोजत बसायची. कागदावर जमलं, पण धागा घातल्यावर पायाची पंचाईत झाली. स्टुलावर बसलं की तिचे पाय खालच्या लोखंडी पायट्याला नीट पोचायचे नाहीत. पायाला जोर कमी पडला की चाक उलटं फिरायचं आणि धागा तुटायचा. ती रडकुंडीला यायची. "माझ्याच्यानं होतच नाही. मैत्रिणीच्या आईचं मशिन तर बटणावर चालतं."

मशिन दुरुस्त करणारा म्हणाला, "साहेब, मोटर बसवून टाका. हल्ली पायावर कोण चालवतंय?" मला ते पटलं. चामडी पट्टा काढून त्यानं मोटर बसवली. खाली एक छोटं पायडल आलं, त्यावर चवडा टेकवला की झालं. मुलीचा पाय अलगद पोचला. मशिन सरसर चालायला लागलं. वेग मला जास्तच वाटला, पण पहिला धडा झालेला आहे, मी जवळ बसलेला आहे, असं स्वतःला समजावलं. ती मशिनवर असली की मी खुर्ची ओढून शेजारी बसायचो. फोन आला तरी उठायचो नाही.

उठलो तो लाईट गेल्यामुळं.

पावसाळ्याचे दिवस होते, संध्याकाळ व्हायची होती. ती उशीचा अभ्रा शिवत होती. मध्येच मशिन थांबलं, पंखा थांबला. तिनं विचारलं, "पप्पा, बटण बंद करू?"

आमच्या भागात लाईट गेली की कुणी बटण बंद करत नाही. गावाकडं शेतातल्या मोटरी लाईटच्या वेळेवर चालायच्या, म्हणून घरातल्या एका बल्बचं बटण कायम चालू ठेवलेलं असायचं. बल्ब पेटला की कुणीतरी चप्पल न घालता विहिरीकडं पळायचं. आत्याच्या खोलीतसुद्धा तसंच होतं. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं मी न विचार करता बोलून गेलो. "राहू दे. लाईट आलेली कळेल."

आणि मी दाराकडं गेलो. लाईट गेली की दारात जाऊन बघायचं, आपलीच गेली का सगळ्यांची. समोरच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या. "तुमची पण गेली का?" मी विचारलं. "हो, सगळ्यांचीच." एवढंच बोलणं झालं. मी वळलो.

दारातून मला ती दिसली. खाली धाग्याचा गुंता झाला होता, तो काढायला ती वाकली होती. डावा हात सुईखाली. आणि पाय? पाय पायडलावरच होता. थांबलेल्या मशिनच्या पायडलावर तिनं विसरून सगळा भार टाकला होता. डोक्यावर पंखा हलला. पहिल्यांदा मी तो पंखाच बघितला, त्याची पाती हलताना.

मला ओरडायचं होतं.

मशिन दणकलं आणि अडकलं. गुंत्यामुळं ते एका टाक्यातच थांबलं, म्हणून थोडक्यात निभावलं. मोटर घूं घूं करत राहिली. मुलगी किंचाळली नाही, तिनं फक्त मोठा श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. सुई नखातून आरपार गेली होती. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि ओढणार, तोच ती ओरडली.

"ओढू नका! पप्पा, ओढू नका! चाक!"

तिचा उजवा हात चाकावर गेलेला होता. पण चाक हलत नव्हतं. भीतीनं तिचा पाय पायडलावर आणखीच दाबला गेला होता आणि मोटर सुई खाली रेटत होती. मी तिचं मनगट सोडलं आणि भिंतीतली पिन उपटून काढली. घूं घूं बंद झालं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज उरला.

"आता फिरव," मी म्हणालो. मी फिरवायला हवं होतं. माझे हात एवढे कापत होते की मी चाकाला हात लावला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो. तिनंच फिरवलं. उलटं, सावकाश, ओठ दाबून. सुई वर आली. आख्खी आली. मी सुईचं टोक बघितलं आणि मग खाली बसलो.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी बोटाचा एक्स-रे काढला, आत काही राहिलं नव्हतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पट्टी बांधताना त्या म्हणाल्या, "शहाणी आहेस. ओढलं नाहीस ते बरं केलंस."

"पप्पा ओढणार होते," मुलगी म्हणाली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, बटणाचंही. ती उठली आणि मुलीला कुशीत घेऊन बसली. मी मशिनवर आत्याचं लुगडं टाकलं. त्या हिरव्या ढिगाकडं बघायचीसुद्धा मला भीती वाटायला लागली.

नख काळं पडलं, मग गळून गेलं. बोट बरं होत आलं. पण मुलगी मशिनजवळ जाईना. जमिनीवर चित्रं काढत बसली तरी मशिनकडं पाठ करून बसायची. लाईट गेली की ती दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरायची आणि लाईट येईपर्यंत काढायची नाही. मी घरभर पळत सगळी बटणं बंद करायचो, मिक्सरचं, गिझरचं, टीव्हीचं, चार्जरचं. मी बटणं दाबत फिरायचो आणि ती काखेत हात घालून माझ्याकडं बघायची. आपण तिला मशिन शिकवायला गेलो आणि भीती शिकवून बसलो, असं मला वाटायचं. जी मुलगी सुईखाली बोट लाडवासारखं ठेवायची, ती आता भाजी चिरायच्या सुरीलासुद्धा हात लावत नव्हती. हे असंच राहिलं तर, ही भीती त्या सुईपेक्षा मोठी होती.

आत्याचा फोन यायचा. "शिकतीय का पोरगी?"

"हो!"

"काय म्हनतोस?"

"हो, हो!"

परत धाडायचं तर आत्याला कारण सांगावं लागेल, म्हणून मशिन कोपऱ्यात तसंच पडून राहिलं. नाहीतर मी ते केव्हाच पिकअपमध्ये चढवलं असतं.

मग एका रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर आतल्या खोलीतून चाकाचा आवाज आला. मोटरचा नाही. हातानं फिरवलेल्या चाकाचा, थांबून थांबून येणारा. मी दारापर्यंत गेलो.

लुगडं खाली पडलं होतं. पिन भिंतीत नव्हती. मुलगी स्टुलावर बसली होती. सुईत धागा नव्हता, लोखंडी पाय काढलेला होता, आणि सुईखाली तिचं तेच बोट होतं, अर्धं नख उगवलेलं. उजव्या हातानं ती चाक फिरवत होती. सुई खाली येत होती. टेकली. बोट थरथरलं, मला दारातून दिसत होतं. पण जाग्यावर राहिलं. चाक मागं फिरलं.

मी आत गेलो नाही. हाक मारली तर ती दचकेल, म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होतो. तिनं परत केलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण दोन्ही हात कामात होते. परत केलं. कधीतरी तिला मी दिसलो.

"पप्पा, डोळे उघडे ठेवा हं," ती म्हणाली. नाक ओढून पुढं म्हणाली, "आणि ती मोटर काढा आधी."

फोनवर हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. आत्या चौथी शिकलेली आहे, बोट ठेवून सावकाश वाचते. त्याच दिवशी मी तिला पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना पोस्टात टाकलं. ते असं होतं.

आत्या,

पाया पडतो. फोनवर मी नुसतं हो हो म्हणत होतो. खरं ते इथं लिहितो, घाबरू नकोस, पोरगी आता बरी आहे.

तुझ्या मशिनला मी मोटर बसवली होती. पोरीचा पाय पोचत नव्हता म्हणून. एकदा लाईट गेली, मी बटण चालूच ठेवायला सांगितलं, आपल्याकडं ठेवतात तसं. ती खालचा गुंता काढत असताना लाईट आली आणि सुई तिच्या बोटातून गेली. मी ओढायला निघालो होतो. तिनं ओढू दिलं नाही. तू सांगितलेला धडा मी तिला दिला होता, तो तिला आठवला, मला नाही. सुई आख्खी निघाली. बोटात काही राहिलं नाही, डॉक्टरांनी फोटो काढून बघितलं. नख परत येतंय.

त्यानंतर ती मशिनजवळ जात नव्हती. मला वाटलं, आता संपलं. पण आज ती आपली आपण बसली आणि सुईखाली बोट ठेवून चाक फिरवत होती. रडत होती आणि फिरवत होती. मी दारात उभा होतो. आत्या, मी आठवीत असताना तू माझं बोट सुईखाली ठेवलंस तेव्हा तू हसत होतीस. तुला भीती वाटत नव्हती का? वाटत असेल तर तू ती कुठं ठेवली होतीस, ते मला सांग. मला अजून ठेवता येत नाही.

मोटर मी काढली. पायट्यावर एक फळी बांधलीय, आता तिचा पाय टेकतो. तुझा जुना चामडी पट्टा परत चढवला, पण तो सैल झालाय, चाकावरून घसरतो. थोडा कापून जोडावा लागेल, आणि जास्त कापला गेला तर वाया जाईल. किती कापायचा ते मला कळत नाही. दिवाळीला न्यायला येतो, कडेगावच्या स्टँडवर उन्हात थांबू नकोस, घरातच थांब. तू येईपर्यंत मी पट्ट्याला कात्री लावत नाही. पोरगी तोवर हातानं चाक फिरवून शिवते म्हणतेय. मी शेजारी बसतो.

तुझा,
भाचा